जवळचे, दूरचे आणि ‘जणू जवळचे’

मुरुड कोठे आहे, असे विचारले तर लातूर जिल्ह्यातला विद्यार्थी लातूर-बार्शी रस्त्याकडे बोट दाखवील. रायगड जिल्ह्यातला विद्यार्थी जंजिऱ्याजवळचे मुरुड सांगेल, आणि दापोली तालुक्यातला विद्यार्थी महर्षी कर्व्यांचे मुरुड. तिघांचीही उत्तरे बरोबर आहेत. प्रश्न मात्र अपुरा आहे. नुसत्या नावावरून जागा कळत नाही. ते नाव कोण उच्चारतो आहे, कोठे बसून उच्चारतो आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो.

टपाल खात्यापुढे हा प्रश्न फार पूर्वीच उभा राहिला. सारखी गावनावे, निरनिराळ्या लिप्या आणि अपुरे पत्ते यांवर तोड म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे वरिष्ठ अधिकारी होते. संस्कृतचे कवी म्हणूनही ते परिचित आहेत. पिनकोडचा पहिला अंक विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय. म्हणून लातूरच्या मुरुडचा पिनकोड ४१३ ने सुरू होतो, रायगडच्या मुरुडचा ४०२ ने आणि दापोलीकडच्या मुरुडचा ४१५ ने. नाव एकच राहिले, पण गोंधळ संपला.

संगणकांच्या जाळ्यातही हाच प्रश्न आहे. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न आहे, तो पत्राच्या बाबतीत येत नाही. पत्र पोचले की टपालाचे काम संपते. संगणकाला मात्र आपण दूरवर एखादे काम करायला सांगतो. ते काम नेमके कोणत्या संगणकावर चालले, त्याने कोणती फाइल वाचली, उत्तर कोठे लिहिले आणि उत्तर आलेच नाही तर काय समजायचे?

संगणकाची ओळख करून देणाऱ्या पुस्तकांत याला बहुधा एका वाक्यात उत्तर दिलेले असते. जाळ्यामुळे दूरचा संगणक आपल्याच टेबलावर असल्यासारखा वापरता येतो, असे ते वाक्य असते. आपण शिक्षकही ते वर्गात सांगतो. या लेखात त्याच वाक्याची परीक्षा करायची आहे. ते अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे खरेखुरे नुकसान होऊ शकते.

जे लपवले ते बरे झाले

प्रथम या वाक्याच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलू. सुरुवातीला अमेरिकेतील जाळ्यात थोडेच संगणक होते. त्यांची नावे व क्रमांक यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि बाकीचे सगळे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही यादी कोणालाच आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची उतरंड सुचवली. पिनकोडप्रमाणेच तिच्यातही थर आहेत: सर्वांत वर देश किंवा प्रकार, त्याखाली संस्था, त्याखाली संगणक. प्रत्येक थराने आपल्याखालच्या थराची माहिती ठेवायची. सगळ्या जगाची यादी कोणा एकाजवळ असण्याची गरज उरली नाही.

यात एक गोष्ट मुद्दाम लपवलेली आहे. एखाद्या संस्थेने आपला संगणक पुण्याहून मुंबईला नेला तरी त्याचे नाव बदलत नाही. वापरणाऱ्याला काही कळवावे लागत नाही. हे लपवणे उपकारक आहे. जागा बदलली तरी नाव टिकावे, ही कोणत्याही चांगल्या पत्त्याची कसोटीच म्हटली पाहिजे.

आपल्या देशात शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या ‘एर्नेट’ या जाळ्याचे काम १९८६ मध्ये सुरू झाले. त्यात मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेचा मोठा वाटा होता. सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पिनकोड आणि इंटरनेट दोन्ही स्वातंत्र्यदिनी आली, हा योगायोग विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे.

शेजारचे घर

आता पुढची पायरी. १९८५ च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने दूरच्या संगणकावरच्या फायली आपल्या संगणकात असल्याप्रमाणे दाखवणारी पद्धत बाजारात आणली. तिला ‘एनएफएस’ म्हणतात. समजा, शाळेच्या कार्यालयातील संगणकावर ‘निकाल’ नावाचे कपाट आहे. प्रयोगशाळेतील संगणक हे कपाट आपल्या फायलींच्या झाडाला एखाद्या फांदीवर जोडून घेतो. त्यानंतर प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याला ते कपाट आपलेच वाटते. वापरायला याहून सोपे काही नाही.

परंतु जोडणी कोणत्या फांदीवर करायची ते प्रत्येक संगणक स्वतः ठरवतो. त्यामुळे एकाच फाइलीचा मार्ग दोन संगणकांवर वेगवेगळा असू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, एकच मार्ग दोन संगणकांवर दोन वेगळ्या फायलींकडे नेऊ शकतो. ‘आमच्या शेजारचे घर’ या पत्त्यासारखेच हे आहे. बोलणाऱ्याला तो पत्ता पुरेसा असतो, पण दुसऱ्या गल्लीत गेल्यावर त्याच शब्दांनी दुसरेच घर सापडते. येथे लपवण्यातून सोय झाली, आणि गोंधळालाही जागा राहिली.

फाइल मुळात कोणत्या संगणकावर आहे हेच ठाऊक नसेल तर? १९९० मध्ये माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात ॲलन एमटेज, बिल हीलन आणि पीटर डॉइच यांनी ‘आर्ची’ तयार केली. ही आज्ञावली ठरावीक काळाने निरनिराळ्या सार्वजनिक फाइलसंग्रहांना भेट देई, त्यांच्या याद्या गोळा करी आणि एका जागी ठेवी. फाइलीचे नाव विचारले की ती कोठे मिळेल ते आर्ची सांगे. आजच्या शोधयंत्रांची ही पूर्वज. तिची मर्यादाही आजच्या शोधयंत्रांत उतरली आहे. यादी सांगते ती फाइल भेटीच्या दिवशी कोठे होती ते. ती आज तेथे आहे की नाही, हे तेथे गेल्याशिवाय कळत नाही. ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तक असते आणि फळीवर नसते, तसेच हे.

काम कोठे चालते?

दूरची फाइल वापरण्याचे दोन मार्ग आहेत. फाइल आपल्याकडे आणायची आणि येथे काम करायचे, हा एक. काम तिकडे पाठवायचे आणि फक्त उत्तर आणायचे, हा दुसरा. कोणता कधी निवडावा, हे साध्या गणिताने ठरते. समजा, लातूरच्या एका संगणकावर १ गिगाबाइटची फाइल आहे आणि तिच्यात एखादे नाव किती वेळा येते ते मोजायचे आहे. आपली जोडणी सेकंदाला १० मेगाबिटची आहे. १ गिगाबाइट म्हणजे सुमारे ८,००० मेगाबिट. फाइल आणायला ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांहून अधिक लागतील. मोजण्याची आज्ञा तिकडे पाठवली तर जाणार एक ओळ आणि येणार एक आकडा.

महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण नारायणगावजवळ खोडद येथे आहे. तेथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी दाटीने आणि उरलेल्या १६ तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात. प्रत्येक तबकडीपाशी तिचा स्वतःचा छोटा संगणक आहे. नियंत्रण कक्षातून प्रकाशतंतूवरून आज्ञा जाते. तबकडी वळवण्याचे काम तेथला संगणक करतो आणि आपली स्थिती परत कळवतो. आज्ञा गेली म्हणजे तबकडी वळली, असे येथे गृहीत धरत नाहीत. एखादी तबकडी बंद पडली तर बाकीच्यांवर निरीक्षण चालू राहते, आणि बिघडलेल्या तबकडीची माहिती वगळली जाते. दूरची वस्तू दूरचीच मानून केलेली ही रचना आहे.

आता युनिक्स पद्धतीच्या संगणकांवरील एक जुनी आज्ञा पाहू. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्समध्ये ‘आरएसएच’ आली. तिच्यापुढे दूरच्या संगणकाचे नाव आणि काम लिहिले की ते काम तिकडे चालते आणि उत्तर आपल्या पडद्यावर येते. समजा, आपण लिहिले: ‘त्या संगणकावर “यादी” क्रमवार लाव आणि उत्तर “निकाल” या फाइलीत ठेव.’ ‘यादी’ कोणती वाचली जाईल? तिकडची. आणि ‘निकाल’ कोठे तयार होईल? इकडे! कारण ‘उत्तर या फाइलीत ठेव’ हे सांगणारे चिन्ह आपल्याच संगणकाचा आज्ञा-दुभाषा आधी वाचतो आणि स्वतःसाठी ठेवून घेतो. उरलेले वाक्य तेवढे दूर जाते. सगळे वाक्य अवतरणचिन्हांत घातले तर मात्र ते अख्खे तिकडे जाते आणि ‘निकाल’ तिकडे तयार होतो.

‘सर्व फायली’ असे सुचवणारे तारकाचिन्ह वापरले तर आणखी गंमत होते. ते चिन्हही इकडचा दुभाषा आधी सोडवतो. इकडे जुळणाऱ्या फायली असतील तर त्यांची नावे तिकडे पाठवली जातात, आणि त्या नावांच्या फायली तिकडे असतीलच असे नाही. आज ‘आरएसएच’ची जागा ‘एसएसएच’ने घेतली आहे, पण हा नियम तोच आहे. एका ओळीतली दोन नावे दोन वेगळ्या संगणकांवरची असू शकतात. ‘जणू जवळचे’ हे वाक्य मनात धरून बसलेल्या विद्यार्थ्याला हे कधीच उलगडणार नाही. ‘कोणता शब्द कोण वाचतो?’ असे विचारणाऱ्याला ते पाच मिनिटांत उलगडेल.

जुनी आज्ञा बदलावी का लागली, तेही समजून घ्यावे. ‘आरएसएच’मध्ये आपल्या विश्वासातल्या संगणकांची यादी करून ठेवता येई, त्या संगणकांवरून आलेल्याला परवलीचा शब्द विचारला जात नसे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली आज्ञावली अमेरिकेतील हजारो संगणकांत पसरली. तिने ज्या वाटा वापरल्या त्यांत ही विश्वासाची वाटही होती. शिवाय या जुन्या पद्धतींत परवलीचा शब्द जाळ्यातून उघडाच जात असे. हेलसिंकी येथील विद्यापीठाच्या जाळ्यात असे शब्द चोरले गेल्यावर तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये ‘एसएसएच’ लिहिली. तिच्यात सगळे संभाषण सांकेतिक रूपात जाते, आणि समोरचा संगणक खरोखर तोच आहे ना, याचीही तपासणी होते. दूरच्याला घरचा समजल्याची ही किंमत होती.

अंतर लपत नाही

आता मुख्य आक्षेप. संगणकाला स्वतःच्या स्मृतीतून एखादी संख्या काढायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १०० नॅनोसेकंदांत तो जाईल फक्त २० मीटर. म्हणजे आपला संगणक स्वतःच्या स्मृतीतून संख्या काढतो तेवढ्या वेळात जाळ्यातला संदेश शाळेच्या अंगणाबाहेरही पडत नाही.

मुरुड ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ३६० किलोमीटर धरू. संदेश जाऊन उत्तर येण्यास किमान ३.६ मिलिसेकंद लागतील. हे स्मृतीच्या वेळेच्या ३६,००० पट झाले. विद्यार्थ्यांना असे सांगावे: स्मृतीतून संख्या काढायला १ सेकंद लागतो असे मानले, तर मुंबईहून ती आणायला १० तास लागतील. तारा सरळ रेषेत नसतात आणि वाटेत थांबे असतात, म्हणून प्रत्यक्षात याहूनही अधिक. यंत्रे कितीही सुधारली तरी प्रकाशाचा वेग वाढणार नाही.

वेळेचा प्रश्न निदान दिसतो तरी. त्याहून अवघड प्रश्न अर्धवट बिघाडाचा आहे. आपल्या टेबलावरचा संगणक बंद पडतो तेव्हा सगळाच बंद पडतो. जाळ्यात मात्र एक भाग चालू आणि दुसरा बंद, असे होते. आपण निरोप पाठवला आणि उत्तर आले नाही, तर तीन शक्यता असतात. निरोप वाटेत हरवला. निरोप पोचला, पण तिकडचा संगणक काम करण्याआधी बंद पडला. किंवा काम झाले आणि उत्तर वाटेत हरवले. या तिन्हींत आपल्याला दिसते ते एकच: शांतता.

१९९४ मध्ये जिम वाल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एका टिपणात हाच आक्षेप नेमकेपणाने मांडला. जवळच्या व दूरच्या वस्तूंना एकाच साच्यात बसवणे मुळातच चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. विशेष असे, की हे चौघे सन मायक्रोसिस्टिम्समध्येच काम करीत होते, आणि उदाहरण म्हणून त्यांनी स्वतःच्याच कंपनीची एनएफएस घेतली. दूरचा संगणक बंद पडला तर एनएफएसपुढे दोन पर्याय असतात. तो पुन्हा सुरू होईपर्यंत ताटकळत बसायचे, किंवा ‘झाले नाही’ असे सांगून मोकळे व्हायचे. पहिल्यात आपला संगणक विनाकारण खोळंबतो. दुसऱ्यात पंचाईत होते ती साध्या आज्ञावल्यांची. फाइल जवळच आहे असे समजून लिहिलेल्या या आज्ञावल्यांना असा नकार अपेक्षितच नसतो, आणि काम अर्धवट राहते. तिसरा, सुखाचा पर्याय नाही. याच कंपनीतले एल. पीटर डॉइच यांनी जाळ्याविषयीच्या भोळ्या समजुतींची एक यादी त्याच सुमारास केली. जाळे कधी बिघडत नाही, ही त्यांतली एक समजूत. (हे डॉइच आणि आर्चीचे डॉइच वेगळे. मुरुडसारखेच!)

एनएफएस टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नाही. अनेक संस्थांत ती आजही वापरात आहे. जागा लपवावी, पण अंतर आणि बिघाड लपवू नये, एवढेच या टीकेचे सार आहे.

अर्जाची शेवटची तारीख

हे सगळे मुरुडच्या किंवा कोणत्याही गावच्या शिक्षकाने का वाचावे? कारण प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे आणि परीक्षांचे अर्ज आता दूरच्या संगणकावर भरले जातात. शेवटच्या दिवशी गर्दी असते. विद्यार्थी शुल्क भरण्याचे बटण दाबतो, चक्र फिरत राहते, उत्तर येत नाही. पैसे गेले का? अर्ज पोचला का? पुन्हा दाबावे का? पुन्हा दाबले तर शुल्क दोनदा जाण्याची भीती, न दाबले तर वर्ष वाया जाण्याची. ही वर सांगितलेली शांतताच आहे. येथे ‘जणू जवळचे’ शिकलेला विद्यार्थी गांगरतो, आणि ज्याला अर्धवट बिघाड ठाऊक आहे तो आधी अर्ज क्रमांक शोधतो, नोंद तपासतो आणि मगच पुढचे पाऊल उचलतो.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. ज्याने ती आज्ञावली लिहिली त्याने प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देऊन, तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे न घेता आधीचेच उत्तर द्यावे, अशी सोय करायला हवी. उद्या असे लिहिणारे आज आपल्या वर्गात बसले आहेत. त्यांना आपण बटणे तेवढी शिकवली तर ते बटणेच बनवतील.

वर्गात करून पाहा

याला संगणक लागत नाही. एक विद्यार्थी ग्राहक, एक निरोप्या आणि एक सेवक. सेवकाच्या वहीत ५० ही संख्या लिहिलेली आहे. ग्राहक चिठ्ठी लिहितो: ‘१० मिळव.’ निरोप्याने ती वर्गाबाहेर बसलेल्या सेवकाकडे न्यायची आणि ‘मिळवले’ अशी चिठ्ठी परत आणायची. निरोप्याला गुपचूप सांगून ठेवावे, की एखादी चिठ्ठी खिशात टाक. कधी जाताना, कधी येताना.

उत्तर न आल्यावर ग्राहकाने पुन्हा चिठ्ठी पाठवावी. शेवटी वही उघडून पाहावी. काही गटांत ६० निघतील, काहींत ७०. आता ‘१० मिळव’ऐवजी ‘संख्या ६० कर’ असे लिहून खेळ पुन्हा करावा. कितीही वेळा चिठ्ठी गेली तरी उत्तर ६० च येईल. तिसऱ्या फेरीत ‘चिठ्ठी क्रमांक ७: १० मिळव’ असे लिहावे, आणि आलेला क्रमांक पुन्हा आला तर बेरीज न करता फक्त उत्तर द्यायचे, असे सेवकाला सांगावे. अर्धवट बिघाडावर संगणकशास्त्राने शोधलेले दोन महत्त्वाचे उपाय विद्यार्थ्यांनी अर्ध्या तासात स्वतः शोधलेले असतील. पोचपावतीसह रजिस्टर्ड पत्र का पाठवत, हेही त्यांना मग वेगळे सांगावे लागणार नाही.

त्यानंतर फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत आणि जाळ्यावरचे कोणतेही काम शिकवताना ते विचारावेत. हे काम कोणत्या संगणकावर चालते आहे? ही फाइल कोणाच्या पत्त्याने कोठे आहे? उत्तर आले नाही तर काय झाले असू शकेल? पुस्तकातले ते वाक्य पुसून टाकायची गरज नाही. त्याच्याखाली हे तीन प्रश्न असले म्हणजे पुरे.